म्हाताऱ्या माणसांचे वजन कोण घेणार?

दावणीच्या बैलाने एक वेळ वैरणीला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरला निरोप जातो. घरातल्या म्हाताऱ्याने महिनाभर अर्धीच भाकरी खाल्ली, तर मात्र "वय झालं, आता खाणं कमी व्हायचंच" असे म्हणून विषय संपतो. पुढे न्यूमोनिया होतो, नाहीतर पडून खुब्याचे हाड मोडते. मग धावाधाव करून जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत भरती. तिथे आजाराशी झुंज सुरू होते खरी, पण अंगातली शिदोरी आधीच संपलेली असते.

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडीतले बाळ येते. बाळाचे वजन होते, दंडाला टेप लागते. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित ठरते. म्हाताऱ्या माणसांसाठीही अशी तपासणी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? सहा प्रश्न आणि १४ गुण. गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले का, वजन किती घटले, हिंडणे-फिरणे कसे आहे, मोठे आजारपण आले किंवा मनाला धक्का बसला का, स्मृतिभ्रंश वा उदासी आहे का, उंचीच्या मानाने वजन किती. ८ ते ११ गुण म्हणजे धोका, सात किंवा कमी म्हणजे कुपोषण. वजन-उंची घेता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर गुण कापले जातात.

पण अत्यवस्थ रुग्ण उत्तर कसे देणार? शिवाय सलाईनने अंगावर सूज येते, त्यामुळे काट्यावरचे वजन आणि पोटरीचा घेर दोन्ही फसवतात. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या 'एस्पेन' संघटनेने २०१९ च्या सूचनांत सांगितले आहे, की आयसीयूत ४८ तासांपेक्षा जास्त राहणारा प्रत्येक रुग्ण कुपोषणाच्या धोक्यात आहे असेच धरावे. मात्र त्याआधी किती झीज झाली होती, हे फक्त घरचेच सांगू शकतात. आणि डॉक्टरांनी "आधी वजन किती होतं?" असे विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

ही माहिती का हवी? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात आयसीयूतील रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्के झिजलेला आढळला. जो आधीच वाळलेला आहे, त्याच्याजवळ झिजायला उरते काय?

दुसरा गैरसमज सलाईनचा. "बाटली चालू आहे, म्हणजे पोट भरलं." अहो, साध्या सलाईनमध्ये फक्त मीठ-पाणी असते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यात एका भाकरीइतकीही ताकद नाही. म्हणून "नाकातल्या नळीतून अन्न केव्हा सुरू करणार?" हे नातेवाइकांनी पहिल्या दोन दिवसांतच विचारावे. मात्र गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात आपणहून चमचा घालू नये. अन्न श्वासनलिकेत जाते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न देणेही घातक असते, रक्तातले क्षार ढासळतात. किती आणि कसे द्यायचे, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

गावाने काय करावे? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्याच दिवशी साठीपुढच्या प्रत्येकाचे वजन घेऊन घरच्या कार्डावर आणि उपकेंद्राच्या वहीत लिहावे. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या पोटरीला आशाताईंनी घरी जाऊन टेप लावावी. सरपंचांनी ठराव घ्यावा. वजनकाट्याला काही लाखांचा निधी लागत नाही. तीन किलोंहून जास्त घट दिसली तर आयसीयूची वेळ येण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. ते कार्ड खिशात असावेच. पण त्यासोबत वजनाचा कागदही असावा. ज्यांनी आपल्याला भरवून मोठे केले, त्यांच्या ताटात किती उरते, एवढे तरी आपण पाहायला नको का?