घोडा औषध नव्हे, पण मदतनीस खरा

वरातीत आणि थंड हवेच्या ठिकाणी दिसणारा घोडा आता उपचारांच्या यादीतही येऊन बसला आहे. मोबाईलवरची एखादी चित्रफीत दाखवून पालक विचारतात, "डॉक्टर, घोड्यावर बसवलं की असं मूल चालायला लागतं म्हणे. खरं का?" विचारणारे बहुधा सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचे आईबाप असतात. या विकारात जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होते. त्यामुळे हातपाय ताठ होतात किंवा लुळे पडतात आणि तोल सावरत नाही. दर हजार जन्मांमागे दोन-तीन मुलांना हा विकार असतो, म्हणजे प्रत्येक तालुक्यात अशी मुले आहेत. वीस फेऱ्यांचे पैसे आगाऊ भरण्यासाठी दुभती गाय विकायला निघालेला एक बाप नुकताच माझ्याकडे येऊन गेला. म्हणून आजचे सदर या विषयावर.

माझे मत आधीच सांगतो. घोड्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. मात्र घोडा मेंदूची इजा भरून काढत नाही. जो तसे सांगेल त्याच्या हाती पैसे देऊ नका.

आता उपयोग कसा होतो ते पाहू. घोडा सावकाश चालू लागला की त्याची पाठ तीन दिशांनी हलते : खालीवर, पुढेमागे आणि डावीउजवीकडे. आपण चालताना आपले कंबरडे जवळपास असेच हलते. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला ही चाल घोड्याच्या पाठीवर प्रथमच कळते. मिनिटाला साधारण शंभर हेलकावे धरले, तर वीस मिनिटांत दोन हजार होतात. प्रत्येक हेलकाव्याला मूल नकळत पाठ ताठ करते आणि मान सावरते. एवढा व्यायाम खोलीत सतरंजीवर करून घ्यायचा म्हटले तर मूल रडून घर डोक्यावर घेईल. शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असते. पाय फाकून बसल्याने आणि त्या उबेने मांड्यांचे ताठलेले स्नायू सैल पडतात. जुने घोडेस्वार 'मांड पक्की हवी' म्हणत. मांड पक्की होताना पाठीचा कणाही सावरतो.

याला पुरावा काय, असे चिकित्सक वाचक विचारतील. २००३ साली अमेरिकेत या विकाराच्या पंधरा मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. काही मुलांना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, तर काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावर बसलेल्यांच्या डाव्या-उजव्या बाजूच्या स्नायूंचे काम अधिक सारखे झाले. पिंपावरच्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे गुण नुसत्या बसण्याचा नाही, घोड्याच्या चालीचा आहे. पण पंधरा मुलांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हेही तितकेच खरे. बसण्याचा तोल सुधारतो, एवढे आज बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येते. चालणे किती सुधारेल, हे मुलागणिक वेगळे.

या संदर्भात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण आठवते. मुळातच निष्णात घोडेस्वार असलेल्या या बाईंना १९४४ साली गरोदरपणात पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून, त्यांनी रौप्यपदक जिंकले आणि १९५६ साली पुन्हा मिळवले. त्यानंतर युरोपात या उपचाराकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. वाचकहो, यातली खरी गोष्ट नीट पाहा. त्यांचे पाय बरे झाले नाहीत. पाय गेल्यावरही काय करता येते, ते घोड्यामुळे जगाला दिसले. पालकांनी आशा धरावी ती अशी.

घोड्यावर न बसताही लाभ आहे. खरारा करणे, चंदी-पाणी देणे, लगाम धरून दहा पावले नेणे, ही कामे अबोल किंवा चिडखोर मुलाला बरेच शिकवतात. घोडा आरडाओरड्याने बुजतो आणि शांत हाताने जवळ येतो. त्याच्याशी वागताना मूल आपला आवाज आपणच खाली आणते. ऑटिझम असलेल्या १२७ मुलांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर चिडचिड आणि अतिचंचलता कमी झालेली आढळली.

आता पथ्ये. ज्याचा खुबा निखळलेला आहे, पाठीचा कणा फार वाकलेला आहे, हाडे ठिसूळ आहेत किंवा झटके औषधाने आटोक्यात नाहीत, त्याला घोड्यावर बसवू नये. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून त्यांची मान आधी तपासून घ्यावी. दम्याच्या मुलाला घोड्याच्या केसांचा त्रास होत नाही ना, ते पाहावे. डोक्यावर हेल्मेट हवेच. पागेतली माती आणि लीद म्हणजे धनुर्वाताचे घर, तेव्हा लस वेळेवर घेतलेली असावी. एकाने लगाम धरावा, दोघांनी दोन्ही बाजूंनी चालावे आणि फिजिओथेरपिस्टने लक्ष ठेवावे. चाल सावकाशच, दुडकी नको. आणि वरातीत ताशाच्या तालावर नाचायला शिकवलेला घोडा यासाठी मुळीच चालणार नाही. घोडा वयाने पोक्त आणि स्वभावाने गरीब हवा.

घोडे आपल्याला परके नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घोडेवाल्यांचा संसार घोड्यावर चालतो. जनावराचा स्वभाव ओळखणारी माणसे आपल्याकडे आहेत. शरीर ओळखणारे फिजिओथेरपिस्टही आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, एवढेच. आठवड्यातून दोन सकाळी, एक शांत घोडा, एक जाणता मोतद्दार, एक फिजिओथेरपिस्ट आणि शाळेचे मैदान, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. देवळाच्या कळसाला वर्गणी देणाऱ्या आपल्या गावांना हा खर्च जड नाही.

तोवर पालकांनी वाट पाहत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याअंतर्गतच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. आधी तिथे जा, रोजचा व्यायाम शिकून घ्या आणि तो चुकवू नका. पुढे घोडा मिळाला तर तो या व्यायामाच्या जोडीला घ्या, त्याच्या जागी नव्हे. आणि गाय गोठ्यातच राहू द्या. त्या मुलाला दूधही लागणार आहे.