गुडघ्यासाठी गोळी घेताना

सकाळी उठताना गुडघा धरतो. मग मागे कधीतरी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी डब्यातून निघते. दुखणे थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशीही घेतली जाते, आणि पाहता पाहता महिने उलटतात. वाचकहो, आपल्या घरी असे घडत असेल, तर ही गोळी नेमके काय करते, हे जाणून घ्यावे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही दाहशामक औषधे होत. ती शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. ही द्रव्ये सांध्यात दाह व वेदना वाढवतात. परंतु जठराचे अस्तर राखण्याचे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्याचे कामही तीच करतात. गोळी केवळ गुडघ्यापुरती थांबत नाही.

वयपरत्वे मूत्रपिंडाची क्षमता घटते. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर या तिघांच्या संगतीने मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. जुलाब-उलट्या होत असता धोका अधिकच. जोडीला घेतलेली आम्लपित्ताची गोळी जठराचे काहीसे रक्षण करते, मूत्रपिंडाचे नव्हे. हृदयविकार असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याविना ही गोळी घेऊच नये.

मग दुखणे सोसावे काय? मुळीच नाही. शेक, मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि डायक्लोफेनॅकचे मलम यांपासून आरंभ करावा. मलमातून रक्तात उतरणारे औषध पुष्कळच कमी असते. गोळी घ्यावीच लागली, तर चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवून, कमीत कमी मात्रेत व थोडेच दिवस घ्यावी. वेष्टनही वाचावे. पुष्कळ गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅकसोबत पॅरासिटामॉल असतेच. वर तापाची गोळी घेतली, की त्याची मात्रा नकळत वाढते.

डांबरासारखे काळे शौच, कमी झालेली लघवी, पायांवर सूज किंवा धाप दिसल्यास वेदनाशामक गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

घरातील वडीलधारी माणसे अशी लक्षणे संकोचाने सांगत नाहीत. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘गोळी घेतलीत का?’ एवढेच न विचारता, ‘कोणती, आणि कधीपासून?’ हेही आपुलकीने विचारावे.