लॉगिन बंद करा, पण आधी सांगा!

नवी नोकरी लागली की पहिल्या दिवशी काय काय मिळतं? लॅपटॉप, गळ्यात अडकवायचं कार्ड आणि कंपनीचा ईमेल-आयडी. तो आयडी आणि पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेल्या नोटिफिकेशनला ‘हो’ म्हटलं, की मेल उघडतं, सुट्टीच्या अर्जाचं पोर्टल उघडतं आणि दिवसभर गप्पा-काम-भांडणं जिथे चालतात ते स्लॅकही उघडतं. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड नाही. यालाच म्हणतात सिंगल साइन-ऑन, आयटीवाल्यांच्या भाषेत एसएसओ.

एरवी आपलं त्याच्याकडे लक्षही जात नाही. जातं ते कुरकुर करताना. ‘सारखं सारखं लॉगिन काय करायला लावतात?’, ‘स्लॅकला माझा स्वतःचा पासवर्ड का चालत नाही?’, ‘आमच्यावर नजर ठेवायची असेल, दुसरं काय!’

माझ्या मते ही कुरकुर चुकीच्या गोष्टीवर चाललीये. एसएसओ असावंच, वीस माणसांच्या ऑफिसातही असावं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्या एका चावीने आपल्यासाठी सगळी दारं उघडतात, त्याच चावीने ती सगळी एका क्लिकवर बंदही होतात. ती कोण बंद करणार, कधी आणि कशी?

आधी हे चालतं कसं ते बघू. समजा, तुम्ही स्लॅक उघडलंत. स्लॅक तुम्हाला पासवर्ड विचारतच नाही. ते तुम्हाला कंपनीने नेमलेल्या ‘ओळख पटवणाऱ्या’ सेवेकडे धाडतं. ती गुगलची असेल, मायक्रोसॉफ्टची असेल, ऑक्टाची असेल. तिथे तुम्ही पासवर्ड टाकता. मग ती सेवा स्लॅकला डिजिटल सही केलेली एक चिठ्ठी देते : ‘होय, ही आमचीच व्यक्ती, आत सोडा.’ स्लॅक फक्त सही तपासतं. या चिठ्ठीचा मसुदा कसा असावा, याचं एसएएमएल २.० नावाचं मानक २००५ सालापासून आहे. म्हणजे हे काही कालपरवा आलेलं फॅड नाही.

आता नजर ठेवण्याचं. या चिठ्ठीतून तुमचे मेसेज कुणी वाचत नाही. कंपनीला चॅट बघता येतं का, हे त्या अ‍ॅपच्या प्लॅनवर, अ‍ॅडमिनच्या अधिकारांवर आणि कायद्यावर ठरतं. एसएसओ नसतानाही ऑफिसचं चॅट हे ऑफिसचंच असतं. त्यामुळे ज्याला नजरेची भीती वाटते त्याने ‘बॉस कसला खडूस आहे’ हे स्लॅकवर लिहू नये, इतकंच.

एसएसओ नसलं तर काय होतं, हे बघायला आयटी पार्कमध्ये जायची गरज नाही. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या ऑफिसांचा, दुकानांचा, क्लासेसचा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. नोकरी सोडून सहा महिने झालेला मुलगा अजून ‘सेल्स टीम’ ग्रुपमध्ये असतो. ग्राहकांचे नंबर, कोटेशन, बिलांचे फोटो त्याच्या फोनवर येत राहतात. ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, तर तोही सोडून गेलेला! यात कुणाची बदमाशी नसते. माणसाला काढायचं लक्षात ठेवणं हे कुणाचंच काम नसतं, एवढंच. एसएसओ ते काम एका जागी आणतं. मुख्य खातं बंद केलं की बाकीची दारं त्यामागोमाग बंद होतात.

म्हणजे, व्हायला पाहिजेत. कारण सेटिंगच्या पानावर ‘एसएसओ चालू’ असं बटण दाबलं की झालं, असं अनेकांना वाटतं आणि खरी गोम तिथेच आहे.

पहिली गोष्ट. मुख्य खातं बंद केल्यावर नवं लॉगिन होत नाही, पण फोनवर आधीच उघडं असलेलं स्लॅक चालू राहू शकतं. चावी काढून घेतली, माणूस मात्र घरातच बसलेला. त्याला बाहेर काढायचं तर सेशनला मुदत घालावी लागते आणि स्किम नावाची जोडणी करावी लागते. माणूस कंपनीच्या यादीतून गेला की ती अ‍ॅपमधलं खातंही आपोआप बंद करते. तेव्हा ‘पुन्हा लॉगिन करा’ या वैतागामागे हे कारण असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. इंटर्न, फ्रीलान्सर, बाहेरच्या एजन्सीचे लोक यांना बऱ्याचदा ‘गेस्ट’ म्हणून आत घेतात आणि एसएसओच्या नियमातून वगळतात. कायम नोकरीवाल्यांना कडक पहारा आणि तीन महिन्यांच्या इंटर्नला साधा पासवर्ड. पुढच्या दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्याचाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट मुलींना जास्त जवळची वाटेल. अ‍ॅपने माणूस ओळखायचा कशावरून? सेटिंग करणारा अनेकदा ईमेल-आयडी देऊन मोकळा होतो. मग लग्नानंतर कुणी आडनाव बदलतं, ईमेल बदलतो आणि अ‍ॅपला वाटतं की ही कुणी नवीनच बाई आली. नवं कोरं खातं तयार, जुने मेसेज नि ग्रुप जुन्या नावाच्या खात्यात अडकलेले. उपाय सोपा आहे. कधीही न बदलणारा क्रमांक ही ओळख म्हणून द्यायची, नावावर किंवा ईमेलवर विसंबायचं नाही. पाच मिनिटांचं काम, पण माणसांची आयुष्यं बदलतात हे सेटिंग करणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं.

आणि चावी एकच असेल तर ती चोरीला गेली की सगळंच गेलं, हेही खरं. २०२१मध्ये गेम बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्समध्ये चोर शिरले ते स्लॅकमधूनच. चोरलेली लॉगिन कुकी त्यांनी १० डॉलरला विकत घेतली आणि आत गेल्यावर आयटी सपोर्टला मेसेज केला, की पार्टीत माझा फोन हरवला. सपोर्टने बिचाऱ्याला मदत केली! २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिनला मान्यता मागणारी नोटिफिकेशन येत राहिली, शेवटी त्याने एकदा ‘हो’ दाबलं. चोराने मग कंपनीच्या स्लॅकवरच जाहीर केलं, की मी हॅकर आहे. दोन्हीकडे तंत्रज्ञान होतं. फसली ती माणसं. म्हणून आपण न मागितलेल्या नोटिफिकेशनला ‘हो’ म्हणायचं नाही, ती कितीही वेळा येवोत. हा आपल्या वाटचा भाग.

कंपन्यांच्या वाटचा भाग पैशांपाशी अडतो. स्लॅकसकट अनेक अ‍ॅप्स एसएएमएलवालं एसएसओ वरच्या, महाग प्लॅनमध्येच देतात. परदेशात त्याला चेष्टेने ‘एसएसओ टॅक्स’ म्हणतात. गाडी घेताना ब्रेकचे पैसे वेगळे मागावेत तसं हे आहे आणि ते चूकच आहे. पण त्यावर हात झटकून बसायची गरज नाही. कंपनीचं मेल गुगलवर असेल तर ‘गुगलने साइन-इन करा’ ही सोय स्वस्त प्लॅनमध्येही मिळते. सुरुवात तिथून करता येते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०२२मध्ये ट्विटरने निम्म्याच्या आसपास लोकांना घरी पाठवलं. अनेकांना नोकरी गेल्याचं पत्र मिळायच्या आधी स्लॅक आणि मेल बंद झाल्याचं दिसलं. जानेवारी २०२३मध्ये गुगलने सुमारे १२,००० जणांना कमी केलं, तेव्हाही काहींना ही बातमी लॉगिन होईना म्हणून कळली. वर्षानुवर्षं जिथे काम केलं तिथल्या माणसांना ‘येतो’ म्हणायचीही सोय नाही. कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी करावं लागतं. सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. जाणाऱ्याच्या हातात ग्राहकांचा डेटा ठेवू नये, हेही मान्य. पण बंद करायच्या अर्धा तास आधी फोन करून सांगणं कुठल्या सुरक्षेत बसत नाही? महत्त्वाच्या यंत्रणांचं दार आधी बंद करा, मग माणसाशी बोला आणि मेसेजिंगचं दार सगळ्यात शेवटी बंद करा. हा क्रम लावणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. एका क्लिकने सगळं बंद करता येतं म्हणून ते तसंच करावं असा काही नियम नाही.

म्हणून एसएसओ बसवणारी आयटीची मंडळी आणि एचआर यांनी एकदा समोरासमोर बसायला हवं. जाणाऱ्याला कोण सांगणार, किती वाजता, त्यानंतर किती वेळाने कुठलं खातं बंद होणार, त्याची पगाराची स्लिप आणि अनुभवाचं पत्र त्याला कुठे मिळणार, हे कागदावर लिहून ठेवायला हवं. हे लिहिलेलं नसेल तर एसएसओचं सेटिंग अर्धवटच झालं, असं मी म्हणेन.

आणि आपण? आपण एक करायचं. ऑफिसच्या खात्यात आपलं स्वतःचं काही ठेवायचं नाही. पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर दर महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या मेलवर घ्यायची. ऑफिसच्या आयडीने बँक, शेअरचं खातं, शिकण्याचे कोर्स असलं काही उघडायचं नाही. ज्यांच्याशी मैत्री झालीये त्यांचे नंबर फोनमध्ये सेव्ह करायचे. कंपनीचा डेटा मात्र घ्यायचा नाही, तो आपला नाही.

जॉइन होताना आपण पगार, सुट्ट्या, वर्क फ्रॉम होम सगळं बिनधास्त विचारतो. त्या यादीत आणखी एक प्रश्न टाका : ‘मी जाईन त्या दिवशी माझं लॉगिन कसं बंद करता?’ एचआर जरा गडबडेल. गडबडू दे. उत्तर काय येतं त्यावरून ती कंपनी माणसांना कशी वागवते हे पहिल्याच दिवशी कळेल.