दोरी ओढण्याआधी वास घ्या

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ज्यांच्या ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी बोट आहे, मग ते अग्निशमन दल असो, मच्छीमार संस्था असो, गावातलं जीवरक्षक पथक असो, तलावावर बोटिंग चालवणारे असोत की हौसेनं जेट-स्की घेतलेलं कुणी असो, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. पेट्रोलची टाकी, पाईप आणि जोड या आठवड्यातच तपासून घ्या.

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढलं. हसनाळ, रावणगाव, भिंगेली, भासवाडीत लोक अडकले, हसनाळमध्ये माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. अशा रात्री काय होतं ते आठवा. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून असलेली बोट ओढून बाहेर काढतात, उरलंसुरलं पेट्रोल तसंच ठेवून वर नवं ओततात आणि इंजिनाची दोरी ओढायला लागतात. त्या घाईत पाईपकडे कोण बघणार? पाईप बघायची वेळ आत्ताची, कोरड्या जमिनीवरची, दिवसाउजेडीची आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा यात मोठा हात आहे. पत्र्याखाली टाकी तापली की आतली वाफ फुगते आणि पेट्रोल पाईपमधून पुढं रेटते. पाईप इंजिनाला जोडूनच ठेवला असेल तर ते कार्बोरेटरमध्ये जातं आणि तिथून बाहेर झिरपतं. म्हणून बोट उभी असताना पाईप इंजिनापासून सोडवून ठेवा. चालवताना मात्र टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरू नका, नाहीतर टाकी आवळते आणि इंजिन उपाशी पडतं.

गळती शोधायची तर आधी मोकळ्या हवेत या. विडी-सिगारेट नको, मोबाईल बाजूला. पाईपवरचा रबरी फुगा बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवून दाबत राहा. थोड्या वेळात तो घट्ट झाला पाहिजे आणि घट्टच राहिला पाहिजे. हळूहळू मऊ पडला तर पेट्रोल कुठंतरी निसटतंय. फुगा कडक असताना प्रत्येक जोड, क्लिप, फिल्टर कोरड्या पांढऱ्या फडक्यानं पुसत जा. इंजिनाला जोडणाऱ्या टोकाच्या आत छोटी ओ-रिंग असते. बऱ्याच वेळा दोषी तीच निघते, आणि बिचारा पाईप मात्र उगाच बदलला जातो. जोड कोरडे, पण कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळतंय, तर आतला फ्लोट किंवा सुई अडकली आहे. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल तर झाकणाचं वॉशर किंवा वरचा जोड बघा.

आणखी एक गळती आहे, ती थेंबानं दिसत नाही. चालू असताना इंजिन टाकीपासून येणाऱ्या पाईपमधून पेट्रोल ओढून घेत असतं. तिथं बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. काठावर इंजिन झकास सुरू होतं आणि ऐन धारेत बंद पडतं. पुराच्या पाण्यात याच्याइतका वाईट दगा नाही. पाईप वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो गेला म्हणून समजा.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्या उसातूनही बनतं, त्याला आपण नावं ठेवणार नाही. पण जुन्या बोटींचे रबरी पाईप आणि वॉशर त्यासाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात, ठिसूळ होतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन ओढतं ते तळातूनच. मागच्या पावसाळ्यातलं पेट्रोल बोटीत वापरू नका. बोटीसाठीचाच, इथेनॉल सोसणारा पाईप घ्या. तो आपल्याकडच्या दुकानात मिळेलच असं नाही, बाहेरून मागवायला वेळ लागतो, म्हणून ही घाई. गळक्या जोडावर एम-सील लावणं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं हे जुगाड इथं चालणार नाहीत.

जेट-स्कीचा धोका वेगळा. तिचं इंजिन सीटखाली बंद पेटीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते, आणि हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. पेट्रोल भरल्यावर सीट उचलून हवा खेळू द्या, वास घ्या, मगच बटण दाबा. वास आला तर चावी बंद, माणसं लांब. बॅटरीची वायर काढायला जाऊ नका, पाणी उपसायचा विजेचा पंपही लावू नका, ठिणगी तिथंच पडते. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत पाईपमध्ये जोराचा दाब असतो, तो जोड घरी खोलू नका. सुट्टीत मालवणला, अलिबागला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सीटजवळ पेट्रोलचा वास आला तर पैसे भरलेले असले तरी बसू नका. सतत पेट्रोलजवळ राहणाऱ्याचं नाक मरतं, त्यामुळं चालवणारा ‘काही नाही हो’ म्हणाला तरी आपल्या नाकावर विश्वास ठेवा.

बोटीच्या तळाशी साचलेलं पेट्रोल नदीत उपसू नका. विष्णुपुरी धरणाचं पाणी नांदेडकर पितात. फडक्यानं टिपून घ्या आणि फडकी माणसांपासून लांब, उघड्यावर वाळू द्या. प्लास्टिकचा कॅन टेम्पोत किंवा बोटीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. बोटीत भुकटीचं अग्निशामक नळकांडं ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या गावात पुरासाठी किंवा विसर्जनासाठी बोट येत असेल तर पाईप कधी बदलला ते विचारा आणि ती तारीख बोटीवरच रंगानं लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवा. आग लागली तर 101 किंवा 112.