गेले की नाही गेले?

मागच्या दिवाळीच्या आधी मामाचा फोन आला. कराडजवळ त्याचं किराणा दुकान आहे. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. थेट प्रश्न: "अरे, प्रलंबित म्हणजे पैसे गेले की नाही गेले?"

त्यानं होलसेलवाल्याला ८,४०० रुपये पाठवले होते. स्क्रीनवर आलं, 'आपला व्यवहार प्रलंबित आहे.' समोरचा म्हणाला, आले नाहीत. मामानं पुन्हा पाठवले. मग दोन्ही वेळचे गेले. जास्तीचे पैसे परत मिळाले, पण मिळेपर्यंत ऐन सणाच्या तोंडावर रवा-मैदा उधारीवर उचलावा लागला. चाळीस वर्षांत ज्या माणसानं होलसेलवाल्याकडे उधारी ठेवली नाही, त्याला.

ते वाक्य मी लिहिलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्या अॅपची मराठी आवृत्ती निघणार होती. भाषांतराची एक्सेल शीट आली आणि मॅनेजर म्हणाला, "तू मराठी आहेस ना? एकदा बघून घे." पेंडिंगला प्रलंबित, फेल्डला अयशस्वी. दिवाळी ऑफरच्या ओळीही त्याच शीटमध्ये, त्याही मीच केल्या. दोनेकशे ओळी एका दुपारी संपवल्या. वर कौतुकही झालं.

मामाच्या फोननंतर मी कॉपीरायटिंग नीट शिकायचं ठरवलं. तिथून माझं भांडण सुरू झालं.

नव्या माणसाला आज काय शिकवतात? तीस दिवसांत कॉपीरायटर व्हा. लक्ष वेधा, रस निर्माण करा, इच्छा जागवा, कृती करायला लावा. गाजलेल्या इंग्रजी जाहिरातींची वही ठेवा, त्यांचे साचे वापरा. यातलं काहीच खोटं नाही. पण या सगळ्यात एक गृहीतक दडलेलं आहे: विचार इंग्रजीत होईल, मराठी शेवटी ओतायची. त्या ओतण्याचं फळ आपण रोज ऐकतो. 'खूप सारी बचत करा.' 'आमच्यावर विश्वास करा.' मराठीत विश्वास ठेवतात, बाबांनो. 'खूप सारी' हे 'बहुत सारी'चं भूत आहे. टीव्हीवर बाईचे ओठ हिंदीत हलतात, आवाज मराठीत येतो आणि वाक्य कुठल्याच घरात बोललं जात नाही.

यावर दुसऱ्या टोकाला उत्तर तयार असतं: शुद्ध लिहा. मोबाइलला भ्रमणध्वनी म्हणा. 'प्रलंबित' शुद्धच होता की! व्याकरणात एक चूक नव्हती. मामाचं नुकसान शुद्ध मराठीत झालं.

म्हणून नव्या कॉपीरायटरला माझं सांगणं: कोर्सआधी तासभर एखाद्या दुकानाच्या काउंटरमागे उभे राहा. गिऱ्हाईक 'टिकाऊपणा'बद्दल विचारत नाही. ते विचारतं, "टिकेल ना?" 'किफायतशीर पर्याय' कुणी मागत नाही. "यापेक्षा कमीतलं आहे का?" असं म्हणतात. ही वाक्यं फुकट मिळतात आणि कुठल्याही साच्यापेक्षा जास्त विकतात. डेव्हिड ओगिल्वी यांचं नाव प्रत्येक कोर्समध्ये घेतात. पण ते आधी स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कुकर विकत होते आणि १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेली पुस्तिका इतर विक्रेत्यांसाठी होती, हे घाईत उरकतात. पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वीत आले. त्याआधी रणजी क्रिकेट खेळले होते, चहाची चव पारखायची नोकरी केली होती. इंग्रजीचं राज्य असलेल्या धंद्यात त्यांनी बोलली जाणारी हिंदी आणली. दोघांकडे आधी माणसं होती, मग वाक्यं आली.

आणि नमुनेच हवेत तर आपल्याकडे कमी आहेत का? 'रस्ता तेथे एसटी.' तीन शब्द. क्रियापद नाही, विशेषण नाही. वाडीत राहणाऱ्या माणसाला दिलेलं अख्खं वचन. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' यात तर गाडी उशिरा येते हे जाहिरातच कबूल करते! कमीपणा कबूल केला की पुढचं खरं वाटतं, हा धडा त्यात आहे. पुण्यातली 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी घ्या. दुकान एकच आहे, या उणिवेवर तिनं भरवसा उभा केला. हे लिहिणाऱ्यांनी लक्ष-रस-इच्छा-कृती पाठ केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना गिऱ्हाईक माहीत होतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत एका मेसेजला ७०. त्यातही 'क्षमस्व' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मशीन ७ मोजतं, कारण हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी धरली जाते. ७० च्या पुढे गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे. म्हणून मराठीत कॉपी लिहिणाऱ्यानं इंग्रजीवाल्याहून जास्त काटकसरी असायला हवं. आणि प्रोग्रॅमरनंही शहाणं व्हायला हवं. कोडमध्ये शहराच्या नावाची जागा रिकामी ठेवून पुढे 'मध्ये' चिकटवलं की 'पुणे मध्ये', 'सातारा मध्ये' असली मराठी निघते. आपण पुण्यात राहतो, साताऱ्यात उतरतो. शब्द आतून बदलतो. रिकामी जागा इंग्रजीच्या मापानं शिवलेली असते, चूक मात्र कॉपीरायटरच्या नावावर जाते. भांडा. वाक्य असं फिरवून मागा की नाव मोकळं राहील: 'पुणे: आजपासून घरपोच.'

'आपला व्यवहार प्रलंबित आहे.' मशीनच्या हिशेबानं २६ खुणा. त्यात मी काहीच सांगितलं नव्हतं. आता तेच असं लिहीन:

'पैसे अजून पोचलेले नाहीत. पुन्हा पाठवू नका. दोन तासांत कळवतो.'

६० खुणा, एका मेसेजात बसतात. पण 'दोन तासांत' लिहिण्यासाठी मला शब्दकोश उघडावा लागला नाही, बॅकएंडवाल्या मित्राच्या टेबलापाशी जाऊन बसावं लागलं. अडकलेला व्यवहार किती वेळात सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. त्या दुपारी मी त्याला विचारलंच नव्हतं. कॉपीरायटिंगमधलं निम्मं काम हे असं विचारत फिरणं आहे. ते टाळलं की भाषा धूसर होते आणि धूसर भाषा नेहमी भारदस्त शब्दांचा आडोसा घेते.

कुणी म्हणेल, जाहिरात वेगळी आणि स्क्रीनवरचा मेसेज वेगळा. मामाला तसं वाटत नाही. त्याच्या फोनवर दोन्ही एकाच घंटीनं वाजतात. सकाळी 'धमाकेदार ऑफर'वाला आवाज दुपारी पैशांचं सांगतो. सकाळी फुगवून बोललात तर दुपारी खरं बोललेलंही त्याला खरं वाटणार नाही.

शेवटचं, आणि याला पैसे लागत नाहीत. लिहिलेली प्रत्येक ओळ घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी "म्हणजे?" विचारलं की समजावून सांगू नका. समजावताना तोंडातून जे निघेल, तीच तुमची कॉपी. आधीची खोडा.

मामाला मी अजून काही सांगितलेलं नाही. या लेखाची लिंक आज त्याला पाठवतोय. कुठे अडला तर फोन करेलच.