उक्तं गेलेलं दार

मागच्या दिवाळीत वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर वाड्याच्या तोंडाशी नुसतं भगदाड. दार नव्हतं. काकांनी ते एका व्यापाऱ्याला उक्तं देऊन टाकलं होतं. किती आले विचारलं, तर म्हणाले, "नव्या घराच्या शटरचे निघाले बघ."

मी चिडलो. पण २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा त्या माळवदाखाली काका होते. मी पुण्याच्या हॉस्टेलवर. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा भार. १९९३ला किल्लारीत काय झालं हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. वाडा पाडायचा तर पाडा. माझं भांडण फक्त दारापुरतं आहे.

सागाची दोन जाडजूड दारं, त्यातल्या एकातच छोटा दिंडी दरवाजा. आत जायचं तर वाकावंच लागे (उंच पाहुण्यांचं कपाळ हमखास आपटे). बिजागरी एकही नाही. दाराच्या लाकडालाच वर-खाली खुंट काढलेला, तो चौकटीतल्या खळग्यात फिरायचा. बाहेरून पितळी फुल्या, आतून भिंतीत सरकणारा अडसर. वर गणेशपट्टी आणि दोन्ही अंगांनी वेल. डावीकडच्या वेलीत एक पान उलटं कोरलेलं होतं. चुकून की मुद्दाम, कोण जाणे. वाडा मालकाच्या नावानं ओळखला जायचा, पण पटाशी चालवणाऱ्या सुताराचं नाव गावात कुणालाच सांगता येत नाही. त्याची खूण म्हणून तेवढं पान होतं. याच उंबऱ्याबाहेर कित्येकांना ताटकळत उभं ठेवलं गेलं, म्हणून 'वैभवशाली वारसा' वगैरे माझ्या तोंडून निघत नाही. तरी ते दार जायला नको होतं.

व्यापाऱ्याला त्याची किंमत कळते. पुढं अशी दारं फार्महाऊसवर लागतात, नाहीतर काच टाकून त्यांची टेबलं होतात आणि त्यावर कॉफी पीत आपणच रील काढतो! १९७२चा पुरावशेष कायदा आहे. इमारतीतून काढलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तूही त्यात येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. आमच्या दाराचं वय कुणी विचारलंच नाही. पुण्यात केळकर संग्रहालयात मात्र अशीच दारं आपण तिकीट काढून बघतो.

तुमच्या गावी एखादा वाडा उभा असेल, तर येत्या सुट्टीत टेप घेऊन जा. मापं घ्या, दार उघडून-मिटून फोटो काढा, गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावून एकेका भागाचं नाव विचारा. आणि घरच्यांशी भांडा. नव्या सिमेंटच्या घरालाही जुनं दार बसतं, फक्त बांधकामाच्या आधी माप द्यावं लागतं.

माझ्याकडं आमच्या दाराचा एकच फोटो आहे, ताईच्या लग्नातला. त्यात दारापुढं अकरा माणसं उभी आहेत. वेल दिसत नाही.