तो एक शब्द मीच घातला होता

मागच्या २५ सप्टेंबरला आम्ही आमची चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म यूट्यूबवर टाकली. विषय होता चिरनेरचा जंगल सत्याग्रह. आदल्या रात्री प्रेस नोट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण टीममध्ये मराठी टायपिंग मलाच बरं जमतं. पहिलं शीर्षक लिहिलं, ‘विद्यार्थ्यांनी बनवली चिरनेर सत्याग्रहावर शॉर्टफिल्म’. वाचलं आणि माझी मलाच जांभई आली. मग ‘विद्यार्थ्यांनी’च्या आधी एक शब्द घातला. ‘मुस्लिम’. आता कशी बातमी झाली!

आणि ती लागलीही. एका स्थानिक पेजने शीर्षक तसंच ठेवून फोटोसकट टाकली. आम्ही पाठवलेल्या फोटोत नऊ जण होते. पेजवरच्या फोटोत दोघी उरल्या, मी आणि माझी मैत्रीण. दोघींच्या डोक्यावर स्कार्फ. बाकीचे सात जण कापले गेले होते. एकाचा कोपर तेवढा राहिला होता.

नऊ जणांत आम्ही मुसलमान तिघं. कॅमेरा धरणारा आगरी, एडिट करणारी बौद्ध, आणि पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ दिसणारी दोन पोरं कातकरी वाडीवरची. हे प्रेस नोटमध्ये खाली लिहिलं होतं, नावांसकट. पण खालचं कोण वाचतं? शीर्षक मी दिलं होतं, कात्री त्यांनी चालवली. त्यामुळे मला त्या पेजवर फार चिडताही येत नाही.

लातूर-मिरजेकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते. चिरनेर आज उरण तालुक्यात आहे, तेव्हा पनवेल तालुक्यात होतं. १९३० साली सविनय कायदेभंगात मीठ जसं होतं तसं जंगलही होतं. इथल्या शेतकऱ्याला भाताची रोपं करायच्या आधी जमीन भाजावी लागे. त्याला राब म्हणतात, आणि राबाला टहाळी लागते. गुरांना चारा लागतो, चुलीला फाटी लागतात. हे सगळं ज्या डोंगरातून यायचं, त्यावर सरकारी जंगल म्हणून बंधनं आली. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराकडे कायदा मोडायला निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण गेले. धाकू फोफेरकर आणि नाग्या कातकरी चिरनेरचे. बाकीचे मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे इथले. पनवेलचे मामलेदार जोशी, म्हणजे सरकारचाच माणूस, तेही त्या दिवशी गोळी लागून गेले. स्क्रिप्ट वाचून एक सर म्हणाले होते, ‘मामलेदार काढा, प्रेक्षक गोंधळतो.’ आम्ही ठेवला. गोंधळू दे की थोडा.

आठ नावांत मुसलमान नाव नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण फिल्म करताना हा प्रश्न दोनदा आला. एकदा आमच्यातल्याच एकाने सुचवलं, की गर्दीत एक टोपीवाला दाखवू, कुणाला काय कळतंय? मी नको म्हटलं. त्या दिवशी तिथे कोण कोण होतं याची सगळी नावं कुणाकडे आहेत? असेलही एखादा. पण माझ्याकडे पुरावा नाही, आणि आपल्या सोयीसाठी इतिहासात माणूस घुसवणं काय असतं ते आपण हल्लीच्या मोठ्या बॅनरच्या सिनेमांत बघतोच. दुसऱ्यांनी केलं की ओरडायचं आणि आपण केलं की चालतं, असं कसं?

दुसऱ्यांदा घरातच. मामू म्हणाले, ‘अगं, करायचीच तर कुर्बान हुसेनवर कर ना. तो आपला. हे चिरनेरवाले करतील त्यांचं त्यांचं.’ मामूंचं मन मोडायचं नव्हतं. कुर्बान हुसेनवर फिल्म व्हायलाच हवी. ‘गझनफर’ चालवणारा सोलापूरचा तरुण पत्रकार. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेला. पण त्याच दिवशी त्याच्यासोबत मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदेही गेले. चौघांना एकत्र फाशी झाली आणि आपण त्यातला एक उचलून ‘आपला’ म्हणतो. मग उरलेले तिघं कुणाचे? आणि मी उरणची. माझ्या नानीची चूलसुद्धा याच डोंगरांच्या फाट्यांवर पेटली. चिरनेर ‘त्यांचं’ कसं झालं?

एवढं सगळं मी मामूंना ऐकवलं होतं. त्याच तोंडाने पुढे प्रेस नोट लिहिली.

शूटिंगचं फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. फोन, उसना माइक, थर्माकोलचा रिफ्लेक्टर. गणपतीत कोकणातला माणूस शूटिंगला मिळत नाही, हे ज्याने शेड्यूल लावलं त्याला कळायला हवं होतं. (शेड्यूल मीच लावलं होतं.) जंगल खात्याच्या जागेत परवानगीशिवाय कॅमेरा नको म्हणून एका ओळखीच्या काकांच्या माळावर शूट केलं. शुक्रवारी नमाजाची वेळ आली की कॅमेरावालाच ‘ब्रेक’ म्हणायचा, कारण त्याच्या आईने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या त्याला तेव्हाच उघडायच्या असायच्या. खरी अडचण आवाजाची झाली. १९३० चा सीन, आणि मागे कंटेनरची घरघर. दिघोडे-खोपट्याच्या रस्त्याला आता बंदराची गोदामं आणि कंटेनर यार्ड आहेत. हुतात्म्यांच्या गावांवरून दिवसरात्र ट्रेलर जातात. शेवटी सगळे संवाद घरी गोधडीखाली बसून पुन्हा रेकॉर्ड केले. एका सीनमध्ये मात्र घरघर तशीच ठेवली. तो सीन मला सगळ्यात जास्त आवडतो.

तर, बातमी लागली. तीन दिवसांत आमच्या मानाने भरपूर लोकांनी फिल्म बघितली, किंवा निदान उघडली. दीड मिनिटानंतर निम्मे निघून गेले होते, हेही यूट्यूब दाखवतंच. कमेंट मात्र फिल्म न बघताही करता येते. ‘शाबास, असे मुसलमान हवेत.’ ‘हे खरे भारतीय.’ एकाने तिरंगे टाकले. एकाने लिहिलं, ‘आधी तुमच्या मोहल्ल्यावर फिल्म काढा.’ आपल्यातल्याही एकाने विचारलं, ‘मुलींनी डोंगरात पोरांबरोबर फिरायची काय गरज?’ जंगलावर, राबावर, मामलेदारावर एकही कमेंट नाही.

शिव्यांपेक्षा मला ‘शाबास’चा जास्त त्रास झाला. यूट्यूबवर फिल्म टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. आम्ही मात्र न मागता दुसरंच प्रमाणपत्र घ्यायला रांगेत जाऊन उभे राहिलो होतो, आणि ते मिळालंही. माझ्या आगरी मित्राला कुणी म्हटलं नाही, की ‘शाबास, असे आगरी हवेत.’ त्याची परीक्षा कुणी घेत नाही. त्याला फक्त विचारलं, की फोकस का हलला.

आठवड्याने कातकरी वाडीवर गेलो. ज्या पोराने नाग्याचं काम केलं त्याच्या वडिलांनी कुणाच्या तरी फोनवर ती पोस्ट बघितली होती. ते रागावले वगैरे नव्हते. एवढंच म्हणाले, ‘ताई, पोराचा फोटू नाय आला वाटतं?’ मी म्हटलं, त्यांनी कापला. ‘आनि नाव?’ नाव होतं, खाली. त्यांनी मान हलवली आणि चहा घ्यायला सांगितलं.

कातकरी म्हणजे सरकारी भाषेत ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ साली वनहक्क कायदा आला, तरी जंगलाशी त्यांचं भांडण संपलेलं नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी नाग्या गेला ती यांच्यासाठी अजून चालू आहे. आणि त्या गोष्टीवरच्या फिल्मच्या बातमीत मी, पनवेलच्या कॉलेजात शिकणारी, पक्क्या घरात राहणारी मुलगी, ‘उपेक्षित’ म्हणून मधोमध उभी. पोरगा फोटोच्या बाहेर.

यावर आपल्या मित्रमंडळींचं एक म्हणणं असतं आणि ते फालतू नाही. रोज मुसलमानांच्या नावाने वाईटच बातमी येते, मग एक चांगली आली तर बिघडलं कुठे? शिवाय माझ्या मावसबहिणीने तो फोटो बघूनच मेसेज केला, ‘मला एडिटिंग शिकव.’ स्कार्फवाली मुलगी कॅमेऱ्यामागे दिसली याची किंमत मला कळते. पण त्यासाठी माझं नाव पुरेसं होतं. श्रेयनामावलीत ते आहे, मोठ्या अक्षरात. ते वाचून ज्याला जे कळायचं ते कळतंच. मावसबहीण मला बघून आली. शीर्षकातला तो शब्द तिच्यासाठी नव्हताच. तो त्यांच्यासाठी होता ज्यांना आमच्याबद्दल आधीच शंका आहे. म्हणजे चौदा मिनिटांच्या फिल्मचा पहिला प्रेक्षक म्हणून मी कुणाला निवडलं ते बघा.

नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा काय केलं होतं? ते स्वतः व्हिडिओ पार्लर चालवायचे. हाताशी होतं त्या सामानात, गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमा केला आणि गावालाच दाखवला. नावातच गाव घातलं. तिथली बहुतेक मंडळी मुसलमान, पण पोस्टरवर विकलं गेलं ते मालेगाव. लोक हसायला आले. बाहेरचे पत्रकार, फैजा अहमद खान यांची डॉक्युमेंटरी, अगदी रीमा कागतींचा हिंदी सिनेमा, हे सगळं नंतर आलं. नागराज मंजुळेंनी अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बघताना आपल्याला शाळेबाहेर राहिलेलं पोर आठवतं. दिग्दर्शकाची जात विचारावीशी वाटली तर ती नंतर.

म्हणून जी मुलं-मुली आत्ता कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काही शूट करताहेत त्यांना माझं सांगणं आहे. ‘मुस्लिम तरुणांचा अनोखा उपक्रम’ हे शीर्षक तुम्हाला कुणीतरी देणारच. निदान ते स्वतः लिहून देऊ नका. फोटो पाठवताना असा काढा की कापता येणार नाही. आम्ही आता जिला मुख्य भूमिका तिला मध्ये घेतो आणि स्कार्फ कडेला.

आम्ही पोस्टर बदललं. त्यावर आता आठ हुतात्म्यांची नावं आणि सात गावं आहेत, बाकी काही नाही. लिंक फॉरवर्ड करणं थांबवून उसना प्रोजेक्टर आणि अब्बांची पांढरी चादर घेऊन गावोगाव जायचं ठरवलं. पहिली वाडी. तिथे नाग्या पडतो त्या सीनला पोरं खो खो हसली, कारण पडणारा त्यांचा रोजचा दोस्त होता. त्याच्या वडिलांनी दोनदा बघितली. मग एका गावात, देवळासमोरच्या पारावर. संपल्यावर एक म्हातारे उठले आणि म्हणाले, ‘राब असा नाय भाजत, पोरी. आधी शेण, मग टहाळी, मग पाला.’ आमची टहाळी खाली होती. वीस मिनिटं त्यावरच वाद झाला. मला कुणी आडनाव विचारलं नाही.

पाच गावं राहिलीत. प्रोजेक्टरचा बल्ब गेलाय, आणि राबाचा तो शॉट पुन्हा घ्यायचा तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल.